पंचविशीतल्या धडधाकट पोरांनी फ्लूची लस का घ्यावी? (लातूर-बीड-परभणीकडच्यांसाठी)

मांजराकाठ, लातूर

क्लासेसच्या भागात माझं मेडिकल आहे. पावसाळा लागला की काउंटरवर गर्दी होते. त्यात म्हातारी माणसं थोडी, सतरा ते पंचवीस वयाची पोरं-पोरीच जास्त. मागणं एकच : "काका, ताप-अंगदुखीचं दोन दिवसाचं द्या, सोबत अँटिबायोटिक टाका, परवा टेस्ट आहे." चिठ्ठी नसते. डोळे लाल, आवाज बसलेला, उभं राहवत नाही म्हणून काचेला टेकलेली असतात. मी अँटिबायोटिक देत नाही. पॅरासिटामॉल देतो आणि डॉक्टरकडे जा म्हणतो. बरीच जात नाहीत. संध्याकाळी तीच पोरं अभ्यासिकेच्या जिन्यात खोकताना दिसतात.

हा धागा त्यांच्यासाठी, आणि गावाकडं बसून "पोरगं तरणंताठं आहे, होईल बरं" म्हणणाऱ्या आईबापांसाठी. वय कमी आहे, अंगात रग आहे म्हणून फ्लू आपल्याला काही करत नाही, हा समज खोटा आहे. आणि ही लस फक्त म्हाताऱ्यांची नाही.

साधी सर्दी हळूहळू चढते. घसा खवखवतो, नाक गळतं, पण माणूस हिंडता-फिरता असतो. फ्लू एकदम धरतो. सकाळी क्लासला गेलेलं पोरगं दुपारी हुडहुडी भरून पांघरुणात. ताप १०२-१०३, डोकं ठणकतं, पाठ आणि मांड्या कुणी बदडल्यासारख्या, कोरडा खोकला. लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून तो दुसऱ्याला लागण करतो, आणि पुढं पाच-सात दिवस करत राहतो. आमच्याकडं एका खोलीत चार कॉट असतात, खिडकी एक, पाण्याचा जार एक आणि त्याच्यावर पालथा घातलेला स्टीलचा पेलाही एकच. एकाला झालं की आठवड्यात खोली झोपते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं दरवर्षी जगात सुमारे १०० कोटी लोकांना हंगामी फ्लू होतो, त्यातल्या ३० ते ५० लाखांना गंभीर होतो, आणि श्वसनाच्या त्रासानं २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसं दगावतात. यात वयस्कर जास्त असतात, हे खरं. पण तरुण नसतात असं नाही. ते का, हे इथल्या डॉक्टर मंडळींनी नीट सांगावं अशी विनंती.

वाळूज_बी_शिफ्ट, संभाजीनगर

मालक, राग नसावा, पण मनात आहे ते विचारतो. मी २४ वर्षांचा. कंपनीत बारा-बारा तास उभा राहतो. ताप आला तर एक गोळी खातो, घाम येतो, दुसऱ्या दिवशी कामावर. आमच्या लाइनीतली सगळी पोरं अशीच आहेत. लस दोन हजाराच्या आसपास पडते म्हणे, तीही दरवर्षी. दोन हजारात माझ्या खोलीचा महिन्याचा किराणा निघतो. आणि गेल्या वर्षी आमच्या सुपरवायझरनं घेतली होती, तरी त्याला फ्लू झालाच. मग कशाला घ्यायची? खरंच समजून घ्यायचंय.

बालाघाटचा डॉक्टर, अंबाजोगाई

भाऊ, प्रश्न रास्त आहेत. एकेक घेतो.

आधी तरुणांचं. धडधाकट माणसाला फ्लू गंभीर होतो तो मुख्यतः तीन वाटांनी. पहिली वाट, विषाणू घशात न थांबता फुफ्फुसात उतरतो. तिथं शरीर त्याच्याशी लढायला लागतं आणि कधीकधी ती लढाईच हाताबाहेर जाते. सूज इतकी येते की ज्या बारीक पिशव्यांत हवा भरायची त्यात पाणी भरतं. तिथं तुमचे दंड-मांड्या काही कामाचे नाहीत. दुसरी वाट, विषाणूनं श्वासनळीचं अस्तर सोलवटलेलं असतं, त्या जागी न्यूमोकॉकस किंवा स्टॅफिलोकॉकस हे जिवाणू शिरतात आणि न्यूमोनिया होतो. याची खूण लक्षात ठेवा : ताप उतरतो, दोन दिवस बरं वाटतं, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी ताप परत चढतो, धाप लागते, घट्ट पिवळा किंवा तांबूस कफ पडतो. तेव्हा थांबायचं नाही. तिसरी वाट हृदयाची. हृदयाच्या स्नायूला सूज येते. हे क्वचित होतं, पण होतं, म्हणून तापात पळणं, जिम, भरतीचा सराव पूर्ण बंद.

२००९ चं आठवून बघा. ११ जून २००९ ला जागतिक साथ जाहीर झाली, स्वाइन फ्लू म्हणून सगळे ओळखतात तीच. भारतातला पहिला मृत्यू ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात झाला, १४ वर्षांची शाळकरी मुलगी. त्या साथीत जगभर बहुतेक मृत्यू ६५ च्या आतल्या माणसांचे होते. वयस्करांनी लहानपणी त्याच जातीचे जुने विषाणू झेललेले होते, त्यांच्या शरीराला थोडी ओळख होती. तरुणांना ती नव्हती. तो विषाणू गेला नाही, आता दरवर्षीच्या हंगामी फ्लूतलाच एक होऊन बसलाय. २०१५ ला देशात ४२ हजारांवर रुग्ण आणि जवळपास ३ हजार मृत्यू नोंदले गेले, आणि महाराष्ट्र तेव्हा सर्वात जास्त झळ बसलेल्या राज्यांत होता.

आता सुपरवायझरचं. लस आणि त्या वर्षी फिरणारा विषाणू यांचा मेळ चांगला बसला तर दवाखाना गाठायला लागणारा फ्लू साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे लस घेऊनही काहींना होणार. पण त्यांच्यात आयसीयूपर्यंत जाणारे कमी निघतात. शिवाय लसीचा असर यायला दोन आठवडे लागतात. त्याआधी लागण झाली किंवा दुसऱ्याच विषाणूची सर्दी झाली, तर लोक "लसीनं काही झालं नाही" म्हणतात.

दरवर्षी का? कारण विषाणू दरवर्षी अंगरखा बदलतो. कोणते प्रकार लसीत घालायचे ते जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी ठरवते. आणि घेतलेल्या लसीची ताकदही महिन्यागणिक उतरते.

पैशाचं उत्तर पुढं देतो, ओपीडी उरकून.

परभणीकर

माझा धाकटा भाऊ २३ चा. पोलीस भरतीची तयारी करायलाय. १६०० मीटर त्याचं हातखंडा, ना सुपारी ना तंबाखू. मागच्या भादव्यात सोमवारी ताप आला. मंगळवारीही ग्राउंडला गेला. आई ओरडली तरी ऐकलं नाही, म्हणाला खाडा पडला की दम तुटतो. गावातल्या दवाखान्यात सलाईन लावली, एक सुई दिली, दोन दिवस टवटवीत झाला. आम्हाला वाटलं गेलं. शुक्रवारी रात्री उताणं झोपता येईना. उशीला टेकून बसला होता, एक वाक्य बोलायला दोनदा थांबायचा. नखं बघितली तर निळसर. गाडी करून शहरात नेलं, घशाचा स्वॅब घेतला, एच१एन१ आला, म्हणजे तोच स्वाइन फ्लूचा विषाणू. व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. वाचला. सोयाबीनची सगळी पट्टी दवाखान्यात गेली, वर आडतीकडून उचल घ्यावी लागली. पैशाचं सोडा. ज्या पोराला गाव पळताना बघायचं, त्याला घरी आल्यावर आडावर जाऊन येताना ओट्यावर बसावं लागायचं. ते महिनोन्‌महिने चाललं.

वाळूजच्या भावाला एवढंच म्हणतो, त्यालाही असंच वाटत होतं की एका गोळीवर भागतं. दर वेळी भागलं होतं.

वाळूज_बी_शिफ्ट

दादा, वाचून अंगावर काटा आला. भावाला आता कसं आहे? त्या सुईनं बिघडलं का?

परभणीकर

आता ठणठणीत आहे, पुन्हा ग्राउंड धरलंय. सुईचं डॉक्टरांनी सांगावं, मी कुणावर ठेवत नाही.

बालाघाटचा डॉक्टर

त्यांच्या केसमध्ये काय दिलं ते मला माहीत नाही, त्यामुळं बोलणार नाही. सर्वसाधारण सांगतो. ताप दाबणारी किंवा स्टेरॉइडची सुई घेतली की माणसाला काही तास हलकं वाटतं आणि तेवढा वेळ हातचा जातो. फ्लूवर औषध आहे, ओसेल्टामिव्हिर, लोक टॅमिफ्लू म्हणतात. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा खरा फायदा. गंभीर रुग्णाला उशिरा झाला तरी देतातच, पण उशीर तो उशीर. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि प्रत्येक तापाला ते लागतही नाही. आरोग्य खात्याच्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य ताप-खोकल्याला घरी आराम आणि लक्ष ठेवणं पुरेसं मानलंय.

धाप, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, नखं-ओठ निळे, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, बीपी उतरणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच तासाला मोठा दवाखाना. रात्र असली तरी १०८ ला फोन. "सकाळी बघू" नको.

कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर घराघरांत पडून आहे. सेल बदला आणि वापरा. बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो, दुसरं बोट बघा. बोट गार असेल तर चोळून गरम करा. बसून ९४ च्या खाली येत असेल तर घरी थांबू नका.

नळदुर्ग

इतिहास शिकवतो, म्हणून एक भर घालतो. तरुणांनाच जास्त मारणारा फ्लू ही आपल्या मातीला नवी गोष्ट नाही. १९१८ च्या उन्हाळ्यात ती साथ मुंबई बंदरात उतरली आणि रेल्वेनं आत पसरली. पहिली लाट तशी हलकी गेली. सप्टेंबरपासून जी दुसरी आली तिनं घरं रिकामी केली. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग, माणसं अर्धपोटी. हिंदुस्थानात किती गेले याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण सव्वा कोटीच्या खाली फारसं कुणी येत नाही. आणि त्यात २० ते ४० वयाची माणसं फार होती, ज्यांच्या हातात नांगर होता आणि ज्यांच्या कडेवर लेकरू होतं. बायका पुरुषांपेक्षा जास्त गेल्या. आजाऱ्यांची उस्तवार त्याच करत होत्या, हे एक कारण सांगितलं जातं.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या राज्याची १९२१ ची खानेसुमारी १९११ पेक्षा कमी भरली. एकट्या फ्लूनं नाही, प्लेग आणि दुष्काळही होते. पण दहा वर्षांत माणसं वाढायच्या ऐवजी घटली, हे डोळ्यासमोर ठेवा. तेव्हा लस नव्हती, ऑक्सिजन नव्हता, प्रतिजैविकं नव्हती. फ्लूचा विषाणू माणसात सापडला तोच १९३३ साली.

पाटोद्याची बाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. आमच्याकडं दसरा झाला की ऊसतोडीसाठी गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल घेतलेली, मुकादमाच्या मागं टोळी निघते ती मार्चपर्यंत कारखान्यावर. ही सगळी तरणी माणसं, विशी-तिशीतली. पहाटे चारला फडात, थंडीत पाचटातलं दव अंगावर, रात्री कोपीत सहा जण एका ताडपत्रीखाली. एकाला ताप आला तर सगळ्यांना. आणि खाडा पडला तर मजुरी तर जातेच, वर दंड कापतात. म्हणून कोणी बसत नाही, अंगावर काढतात. ताप असलेली बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते, हे मी पोरांना भेटायला गेले तेव्हा बघितलंय.

डॉक्टर, यांना लस द्यायची तर कधी? लस पावसाळ्याआधी घ्यावी म्हणतात, ही माणसं तर हिवाळ्यात बाहेर असतात. आणि यातल्या कितीतरी बाया गरोदर असतात.

बालाघाटचा डॉक्टर

बाई, फार मोलाचा मुद्दा मांडलात. आपल्याकडं फ्लूचे दोन हंगाम येतात. मोठा पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. दुसरा जानेवारी ते मार्च. बहुतेकांनी एप्रिल-मेमध्ये घ्यावी म्हणजे पावसाळा सुरू व्हायच्या आत असर येतो. जे तोडीला जाणार त्यांनी निघायच्या निदान दोन आठवडे आधी, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटापर्यंत घेतली तर ती हिवाळ्यात कामाला येईल. बैलगाडी हलायच्या दिवशी घेऊन उपयोग कमी.

गरोदर बाईनं तर घ्यावीच, कोणत्याही महिन्यात चालते. गरोदरपणात फुफ्फुसाला जागा कमी पडते, त्यामुळं फ्लू लवकर बिघडतो. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही, त्याला आईच्या अंगातली ताकदच पुरते. महाराष्ट्रात गरोदर बाया, शुगर-बीपीचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना सरकारी दवाखान्यातून ही लस मोफत द्यायची व्यवस्था राज्यानं केलेली आहे. साठा सगळीकडं सारखा नसतो, म्हणून आशाताईंमार्फत आधी विचारून जा. राष्ट्रीय लसीकरणाच्या ठरलेल्या यादीत मात्र फ्लूची लस नाही, त्यामुळं धडधाकट तरुणाला खासगीतच विकत घ्यावी लागते. हे बदलायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. निदान टोळ्यांसाठी कारखान्यांनी खर्च उचलावा.

वाळूजच्या भावाचं पैशाचं : घरात एकाच लसीपुरते पैसे असतील तर पहिला नंबर गरोदर बाईचा, मग शुगर, दमा, किडनी, हृदयाचा त्रास असलेल्यांचा आणि म्हाताऱ्यांचा. त्यानंतर तुमचा. खोटं कशाला सांगू. पण पैसे असतील आणि मन होत नसेल, तर एक हिशोब करा. पाच दिवस बिनपगारी, तपासण्या, औषधं. आणि पोळ्याला किंवा महालक्ष्म्यांना तुम्ही ताप अंगात घेऊन गावी जाता तेव्हा घरात कोण असतं? आजी असते, बहिणीचं तान्हं असतं.

गोदाकाठची

मी घाबरते ते दुसऱ्याच गोष्टीला. आमच्या कॉलनीत म्हणतात लसीनंच फ्लू होतो. आणि पाय लुळे पडतात म्हणे?

बालाघाटचा डॉक्टर

ताई, दंडात देतात ती लस मेलेल्या विषाणूच्या तुकड्यांची असते, तिच्यानं फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कसकस येते, ती शरीर कामाला लागल्याची खूण. पाय लुळे पडणं म्हणजे गिलियन-बारे हा नसांचा आजार. लसीमुळं त्याचा धोका वाढतो असं धरलं तरी तो दहा लाख डोसांमागे एक-दोन इतका कमी, आणि खुद्द फ्लू होऊन गेल्यावर तो आजार होण्याचा धोका त्याहून जास्त. आधीच्या फ्लूच्या डोसानंतर सहा आठवड्यांत ज्यांना तो झाला होता, किंवा डोसानंतर अंगावर सूज, श्वास कोंडणं असं झालं होतं, त्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. अंड्याची ॲलर्जी असेल तर टोचणाऱ्याला सांगा, पण तेवढ्यावरून आता लस नाकारत नाहीत.

मांजराकाठ

माझ्या धंद्यातल्या दोन गोष्टी. लस घेताना खोका हातात मागून बघा. त्याच्यावर कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या गोलार्धाचा स्ट्रेन, म्हणजे विषाणूचा प्रकार, आहे ते छापलेलं असतं. गेल्या हंगामाची घेऊ नका, ताजी मागा. कुणी म्हणेल आधी चार प्रकारांची होती, आता तीनचीच का. फसवणूक नाही ती. बी-यामागाटा नावाचा प्रकार मार्च २०२० नंतर जगात खात्रीनं सापडलेलाच नाही, म्हणून तो वगळायला सांगितलंय.

आणि ही लस २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजे. आपल्याकडं लाइट कधी जाते, किती वेळ जाते, तुम्हाला माहीत आहे. माझ्या फ्रिजला इन्व्हर्टर आहे, आत थर्मामीटर टांगलेला आहे, सकाळ-संध्याकाळ वहीत आकडा लिहितो. तुम्ही जिथून घेता तिथं विचारा, लाजू नका. बर्फात थेट टेकवून आणलेली, गोठलेली लसही वाया गेलेलीच समजा. मेडिकलातून विकत घेऊन पिशवीत टाकून दुपारच्या उन्हात दवाखान्यापर्यंत चालत जाऊ नका. आइसपॅक आणि लस यांच्यामध्ये कापड ठेवून बांधून द्या म्हणावं. त्यापेक्षा जिथं टोचणार तिथंच ठेवलेली घ्यावी हे बरं.

वाळूज_बी_शिफ्ट

मालक, डॉक्टर, दोघांचे आभार. आमच्या युनिटमध्ये कॅन्टीन कमिटीवर मी आहे. एचआरकडं अर्ज देतो की कंपनीनं निम्मे भरावेत, निम्मे आम्ही. चाळीसेक पोरं तयार होतील. कंत्राटी पोरांचं नाव यादीत घालतील का ते बघायचंय, ती तर आमच्याच लाइनीवर असतात.

बालाघाटचा डॉक्टर

कंत्राटींना वगळलं तर अर्ध्या लाइनीला लस आणि अर्धीला नाही, मग रोग कुणाला विचारून येतो? अर्जात हे लिहा. आणि तापात आलेल्याला परत पाठवायचं, पण त्या दिवसाचा पगार कापायचा नाही, हेही लिहा. नाहीतर पोरं ताप लपवणार.

उदगीरचा बाप

माझी मुलगी १६ वर्षांची, लातूरला होस्टेलवर आहे, नीटची तयारी. एकच डोस का दोन? आणि तिला सध्या सर्दी आहे, थांबायचं का?

बालाघाटचा डॉक्टर

नऊ वर्षांच्या पुढं वर्षाला एकच डोस. त्याहून लहान लेकराला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन लागतात. नुसती सर्दी असेल, ताप नसेल तर घेता येते. ताप असेल तर उतरू द्या, मग घ्या. टोचल्यावर पंधरा मिनिटं तिथंच बसायला सांगा, उपाशीपोटी जाऊ देऊ नका. या वयाच्या पोरींना सुई बघून चक्कर येते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मांजराकाठ

उदगीरच्या भाऊंसाठी आणि इतर पालकांसाठी : आमच्या गल्लीतल्या तीन होस्टेलच्या रेक्टरांशी बोललो आहे. दोघे तयार आहेत. पुढच्या रविवारी दुपारी, मेसचं जेवण झाल्यावर, डॉक्टर येऊन टोचतील. लस मी खरेदीच्या भावात देणार, त्यावर एक रुपया घेणार नाही. अठराच्या आतल्यांना आईबापांची लेखी संमती लागेल, सहीचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवला तरी चालेल. कागदावर मुलीला आधी कोणत्या लसीची किंवा औषधाची ॲलर्जी झाली होती का, ते नक्की लिहा. गुरुवारपर्यंत नावं आली तर तेवढाच साठा मागवतो.